घटक ४ : विष्णुदास भावे – दरबाराच्या खेळापासून नाटकाच्या हंगामापर्यंत

४.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
• विष्णुदास भावे यांच्या जीवनातील महत्त्वाचे टप्पे सांगता येतील.
• 'सीतास्वयंवर' या प्रयोगाची पार्श्वभूमी आणि भावेप्रणीत नाटकाचे स्वरूप स्पष्ट करता येईल.
• राजाश्रय सुटल्यावर मराठी नाटक लोकाश्रयाकडे कसे वळले, याचे विवेचन करता येईल.
• नाटकाच्या हंगामाची कल्पना समजून घेऊन तिची झाडीपट्टी रंगभूमीशी तुलना करता येईल.

४.१ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकांत आपण मराठी नाटकाच्या उदयापूर्वीचे लोकाविष्कार पाहिले. लळित, दशावतार, भारूड, गोंधळ, कीर्तन आणि तमाशा या प्रकारांत नाट्याची बीजे होती, हे आपल्या लक्षात आले असेल. प्रस्तुत घटकात आपण विष्णुदास भावे यांचे चरित्र अभ्यासणार आहोत. मराठी रंगभूमीचे जनक म्हणून त्यांचे नाव आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन त्यांच्याच पहिल्या प्रयोगाची आठवण म्हणून साजरा केला जातो.

परंतु एखाद्या व्यक्तीला जनक म्हटले की तिच्या चरित्रातील एकच दिवस मोठा होतो आणि बाकीची वर्षे झाकली जातात. भावे यांच्या बाबतीत असेच झाले आहे. १८४३ सालचा दरबारातील प्रयोग सर्वांना माहीत असतो. त्यानंतरच्या सुमारे दोन दशकांत त्यांनी काय केले, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. वास्तविक पहिला प्रयोग राजाच्या इच्छेने आणि राजाच्या खर्चाने झाला होता. राजा गेल्यानंतर ते नाटक जगवण्याचे काम भावे यांना स्वतः करावे लागले. त्यासाठी त्यांनी जो मार्ग शोधला, त्यावरच पुढील मराठी रंगभूमी उभी राहिली. गावोगाव जाऊन, ठरावीक काळात, पैसे देऊन येणाऱ्या प्रेक्षकासमोर नाटक करणे, हा तो मार्ग होय.

चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांतील विद्यार्थ्यांना हा मार्ग परका वाटणार नाही. भद्रावतीहून पूर्वेकडे ताडोबाचे जंगल ओलांडले की मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी या भागांत दिवाळीनंतर गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात. या घटकाच्या अखेरीस आपण भावे यांच्या कार्याकडे त्या हंगामाच्या प्रकाशात पुन्हा पाहणार आहोत.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ सांगली आणि पूर्वायुष्य

विष्णू अमृत भावे यांचा जन्म १८१९ च्या सुमारास झाला. त्यांचे वडील अमृतराव सांगली संस्थानच्या सेवेत होते. कृष्णेच्या काठचे हे संस्थान त्या वेळी तसे नवेच होते. मिरजेच्या पटवर्धन घराण्यातून वेगळे होऊन चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी १८०१ मध्ये सांगलीचे संस्थान स्थापन केले होते. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीत गावाला राजधानीचे रूप आले. दरबारात विद्वान, गवई, कीर्तनकार आणि कारागीर यांना आश्रय मिळू लागला.

विष्णुपंतांचे मन पारंपरिक विद्याभ्यासापेक्षा हातांच्या कलेत अधिक रमे. मूर्ती घडवणे, बाहुल्या तयार करणे, त्यांना हालचाल देण्याच्या युक्त्या योजणे यांत त्यांना गती होती. त्याचबरोबर कविता रचण्याचेही अंग होते. हे दोन गुण वरवर वेगळे दिसतात. पण नाटक उभे करणाऱ्या माणसाला दोन्ही लागतात. पात्राला बोलायला पद्य हवे आणि दिसायला मुकुट, मुखवटा, आयुधे हवीत. पुढे भावे यांनी आपल्या नाटकांची पदे स्वतः रचली आणि सोंगांच्या सजावटीकडेही स्वतः लक्ष दिले. त्यांच्या परंपरेतील बाहुल्या पुढे शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी जतन केल्या आणि प्रेक्षकांसमोर आणल्या.

४.२.२ राजाची आज्ञा आणि 'सीतास्वयंवर'

१८४२ साली उत्तर कानडा भागातून भागवत नाटक करणारी एक मंडळी सांगलीत आली. यक्षगान परंपरेतील हे खेळ होते. पौराणिक कथा, गाणारा भागवत, ठसठशीत रंगभूषा आणि जोरकस नृत्य असे त्यांचे रूप होते. आप्पासाहेबांनी हे खेळ पाहिले. कथा पात्रांच्या रूपाने समोर उभी राहते, ही गोष्ट त्यांना आवडली. मात्र खेळातील काही भाग त्यांना ओबडधोबड वाटला. असाच परंतु अधिक नीटनेटका खेळ मराठीत व्हावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली आणि ते काम तरुण विष्णुपंतांवर सोपवले.

या आज्ञेमागची अडचण आज सहज लक्षात येत नाही. मराठीत अशा प्रयोगाचा नमुना समोर नव्हता, तयार संहिता नव्हती आणि शिकलेला नटही नव्हता. शिवाय प्रतिष्ठित घरांतील मुलांनी तोंडाला रंग लावून लोकांसमोर उभे राहणे, त्यातही पुरुषाने स्त्रीवेष घेणे, समाजाला मान्य नव्हते. जातीच्या पंगतीतून बाहेर काढले जाण्याची भीती खरी होती. प्रत्यक्ष राजाची इच्छा असल्यामुळेच ही मुले भावे यांना मिळाली. राजाश्रयाचा अर्थ केवळ पैसा नव्हता. समाजाच्या रोषापासून मिळणारे ते संरक्षणही होते. हा मुद्दा विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा, कारण पुढे आश्रय सुटला तेव्हा या दोन्ही गोष्टी एकदम सुटल्या.

५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात 'सीतास्वयंवर' या नाटकाचा प्रयोग झाला. राजा प्रसन्न झाला आणि त्याने पुढील कामासाठी उत्तेजन दिले. त्यानंतर भावे यांनी रामायणातील इतर प्रसंगांवर आख्याने रचून ती रंगभूमीवर आणली.

४.२.३ भावेप्रणीत नाटकाचे स्वरूप

भावे यांच्या नाटकाला आजच्या अर्थाने लिखित संहिता नसे. कवीने रचलेली पदे हाच त्याचा लेखी भाग. प्रयोगाचा क्रम साधारणपणे पुढीलप्रमाणे असे.

(अ) पूर्वरंग : पडद्यापुढे सूत्रधार येऊन मंगलाचरण करी. विदूषक येऊन त्याच्याशी विनोदी संवाद करी. मग गणपतीचे सोंग येई आणि सूत्रधार त्याची स्तुती करून निर्विघ्नतेचा वर मागे. त्यानंतर मोरावर बसलेली सरस्वती नृत्य करीत येई.

(आ) आख्यान : मुख्य कथा सुरू झाल्यावर सूत्रधार आपल्या साथीदारांसह पदे गाई. पदातून कथेचा धागा पुढे जाई आणि पात्रे त्या अनुरोधाने अभिनय करीत व स्वतःच्या शब्दांत बोलत. म्हणजेच गद्य संवाद बहुतांशी उत्स्फूर्त असत. नटाची हजरजबाबी वृत्ती आणि पुराणकथांचे ज्ञान यांवर प्रसंग रंगे किंवा पडे.

(इ) पात्रवर्ग : देव, ऋषी, राक्षस आणि स्त्रिया असे पात्रांचे ठरीव वर्ग होते. स्त्रियांची कामे पुरुषच करीत. राक्षसांच्या आरोळ्या आणि तलवारींचा नाच हे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण होते. त्या आरोळ्यांवरून पुढील पिढीने या नाटकांना थट्टेने 'अललडुर्र' नाटके असे नाव दिले. तालावरून 'तागडथोम' असेही म्हटले गेले.

या रचनेकडे नीट पाहिल्यास तिच्यातील निरनिराळे घटक ओळखता येतात. सूत्रधार आणि विदूषक यांची नावे संस्कृत नाटकातील आहेत. सतत रंगमंचावर राहून गाणारा सूत्रधार मात्र यक्षगानातील भागवताच्या आणि आपल्या कीर्तनकाराच्या जवळचा आहे. गणपती-सरस्वतीचे सोंग दशावतारी खेळातही येते. भावे यांनी हे सारे एका दावणीला बांधले आणि मराठी श्रोत्याला परिचित असलेल्या पद्यरचनेत आणले. त्यांची प्रतिभा नवनिर्मितीपेक्षा जुळणीची होती. मात्र ती जुळणी इतकी पक्की होती की पुढे अनेक मंडळ्यांनी तिच्यात फारसा बदल न करता आपले संसार चालवले.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १
खालील प्रश्नांची उत्तरे एका वाक्यात लिहा.
१. सांगलीत १८४२ साली कोणत्या प्रकारचे खेळ झाले?
२. 'सीतास्वयंवर'चा पहिला प्रयोग केव्हा व कोठे झाला?
३. भावे यांच्या नाटकातील कोणता भाग लेखी असे?

४.२.४ आश्रय सुटला

१८५१ साली चिंतामणराव आप्पासाहेबांचे निधन झाले. वारस अल्पवयीन होता आणि संस्थानचा कारभार इतरांच्या हाती गेला. नाटकासाठी दिलेल्या आश्वासनांना नव्या व्यवस्थेत किंमत उरली नाही. खेळांसाठी केलेला खर्च अंगावर आला आणि भावे कर्जात सापडले. त्यांच्याभोवती जमलेल्या मंडळींचाही प्रश्न होता. आठ वर्षे ही माणसे नाटकात गुंतली होती. गावात पुन्हा जुन्या व्यवसायाला लागणे सोपे नव्हते आणि नट म्हणून मिळणारे संरक्षणही आता संपले होते.

अशा वेळी भावे यांच्यापुढे दोन मार्ग होते. नाटक थांबवून दुसरी नोकरी पाहणे हा एक. हा मार्ग त्यांनी स्वीकारला असता तर 'सीतास्वयंवर' ही एका संस्थानी दरबारातील हौस म्हणून इतिहासात नोंदली गेली असती. दुसरा मार्ग होता मंडळी घेऊन गावाबाहेर पडण्याचा. भावे यांनी हा दुसरा मार्ग धरला.

त्या काळी नाटकमंडळी घेऊन प्रवास करणे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहावी. प्रवास बैलगाड्यांनी. बरोबर पडदे, पोशाख, मुकुट, आयुधे, वाद्ये आणि स्वयंपाकाची भांडी. पावसाळ्यात नद्या भरत, मातीचे रस्ते चिखलाने बंद होत आणि उघड्यावरच्या मंडपात खेळ करणे अशक्य होई. त्यामुळे फिरतीचे दिवस ऋतूंनीच ठरवून दिले होते. पावसाळा सरल्यावर निघायचे, हिवाळा आणि उन्हाळा फिरतीत काढायचा आणि पुढच्या पावसापूर्वी मुक्कामाला पोहोचायचे. शेतकऱ्याचे वर्ष आणि नटाचे वर्ष अशा रीतीने एकमेकांना जोडले गेले. सुगी झाली की गावात पैसा येतो, लग्नसराई आणि जत्रा सुरू होतात, रात्री मोकळ्या मिळतात. नाटकाला प्रेक्षक मिळतो तो याच दिवसांत. नंतरच्या काळातील मराठी नाटकमंडळ्याही चातुर्मासात एखाद्या मोठ्या गावी तळ देऊन राहत आणि नव्या नाटकाच्या तालमी करीत.

४.२.५ मुंबईतील १८५३ चा हंगाम

या फिरतीतला निर्णायक टप्पा म्हणजे मुंबई. १८५३ च्या आरंभी भावे आपली मंडळी घेऊन मुंबईत पोहोचले. पुण्याहून बोरघाट उतरणारा गाडीरस्ता १८३० सालीच तयार झाला होता. मात्र आगगाडी अद्याप सुरू व्हायची होती. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी त्याच वर्षी १६ एप्रिलला धावली. म्हणजे सांगलीकरांचे नाटक आणि आगगाडी या दोन नव्या गोष्टी मुंबईकरांनी एकाच उन्हाळ्याच्या तोंडावर पाहिल्या.

आरंभीचे खेळ गिरगावच्या वस्तीत झाले. तेथे मराठी भाषक प्रेक्षक होता आणि पुराणकथा त्याच्या परिचयाच्या होत्या. खेळांचा बोलबाला झाला. त्यानंतर मार्च महिन्यात ग्रँट रोडवरील नाट्यगृहात खेळ करण्याची संधी मिळाली. जगन्नाथ शंकरशेट यांनी दिलेल्या जागेवर १८४६ साली हे नाट्यगृह उभे राहिले होते आणि तेथे प्रामुख्याने इंग्रजी खेळ होत. नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या मुंबईतील प्रमुख नागरिकांनी भावे यांच्या उपक्रमाला सहानुभूती दाखवली. वर्तमानपत्रांतून खेळांच्या जाहिराती झाल्या. मराठी प्रेक्षकांबरोबर इतर भाषक आणि युरोपीय मंडळीही प्रेक्षागृहात आली.

या मुक्कामाचे महत्त्व तीन बाबतींत आहे.

पहिली बाब नाट्यगृहाची. आजवर भावे यांचे खेळ दिवाणखान्यात किंवा मंडपात झाले होते. तेथे प्रेक्षक नटाच्या जवळ, कधी तीन बाजूंनी बसे. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात उंच रंगमंच, दर्शनी पडदा आणि दरानुसार विभागलेली आसने होती. पदे गाणारा सूत्रधार, नाचत येणारी सरस्वती आणि आरोळ्या देणारे राक्षस आता एका चौकटीत दिसू लागले. भावे यांनी आपले नाटक त्या चौकटीसाठी नव्याने लिहिले नाही. तरी खेळाची मांडणी, प्रकाश आणि वेळेची शिस्त यांचा विचार त्यांना करावा लागला असणार.

दुसरी बाब तिकिटाची. दरबारात एक माणूस संतुष्ट झाला की काम होत असे. येथे मोबदला अनेकांच्या खिशातून येत होता. आज आलेला प्रेक्षक उद्या यायला हवा असेल तर उद्या वेगळे आख्यान लागते. म्हणून एका नाटकावर भागत नाही, नाटकांची मालिका हवी. भावे यांनी रामायणाबरोबर महाभारत आणि इतर पौराणिक कथांवर मोठ्या संख्येने आख्याने रचली. या विपुलतेमागे कवीची हौस होतीच. त्याचबरोबर हंगाम चालवण्याची गरजही होती, असे म्हणता येईल.

तिसरी बाब अनुकरणाची. भावे यांच्या यशानंतर इचलकरंजीकर, अळतेकर, कोल्हापूरकर अशा गावांच्या नावांनी नाटकमंडळ्या निघाल्या. मुंबईत पारशी हौशी मंडळींचे खेळही त्याच वर्षी सुरू झाले. एका माणसाचा खटाटोप म्हणून जे सुरू झाले होते, तो काही वर्षांत एक व्यवसाय बनला. त्यात नट, गवई, पडदे रंगवणारे, दिवे सांभाळणारे, आचारी आणि गाडीवान अशा अनेकांची पोटे अवलंबून राहू लागली.

४.२.६ रंगभूमीवरून निवृत्ती

व्यवसाय वाढला तशी स्पर्धाही वाढली. नव्या मंडळ्या तीच आख्याने, तीच सोंगे अधिक झगमगाटाने दाखवू लागल्या. मोठ्या मंडळीचा खर्च, फिरतीचे कष्ट आणि माणसे सांभाळण्याची दगदग यांत दहा-अकरा वर्षे काढल्यावर १८६२ च्या सुमारास भावे यांनी या व्यवसायातून अंग काढून घेतले. त्या वेळी त्यांचे वय त्रेचाळिशीच्या आसपास होते.

याच सुमारास मराठी नाटकाची दिशा बदलत होती. १८६१ साली विनायक जनार्दन कीर्तने यांचे 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक प्रसिद्ध झाले. लेखकाने संवादांसह पूर्ण लिहिलेले, ऐतिहासिक विषयावरचे हे स्वतंत्र नाटक होते. विद्यालयांतून शिकलेल्या तरुणांना संस्कृत आणि इंग्रजी नाटकांची ओळख झाली होती. त्यांना राक्षसांच्या आरोळ्या हास्यास्पद वाटू लागल्या. पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'शाकुंतल' नाटकाचा प्रयोग झाला आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. सूत्रधाराच्या तोंडची पदे आता पात्रांच्या तोंडी आली. किर्लोस्करांचा जन्म १८४३ चा, म्हणजे 'सीतास्वयंवर'च्या वर्षाचाच. भावे यांनी सुरू केलेली रंगभूमी त्यांच्या डोळ्यांदेखत एका पिढीने पुढे गेली होती.

१८८५ साली भावे यांनी आपली आख्याने 'नाट्यकवितासंग्रह' या नावाने प्रसिद्ध केली. त्यांच्या पद्धतीची नाटके मागे पडत असताना हा ग्रंथ आला, हे लक्षणीय आहे. उत्स्फूर्त संवाद हवेत विरून गेले होते. उरली होती ती पदे. ती छापून ठेवली नसती तर भावे यांच्या रंगभूमीचा लेखी पुरावा फारच तोकडा राहिला असता. ९ ऑगस्ट १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

४.२.७ आद्यत्वाचा प्रश्न

भावे हे मराठीतील पहिले नाटककार होत का, हा अभ्यासकांच्या चर्चेचा विषय आहे. तंजावरच्या भोसले राजघराण्यात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून मराठी नाटके रचली गेली होती. शाहजीराजे यांचे नाव त्या संदर्भात घेतले जाते. महात्मा जोतीराव फुले यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. सामान्य शेतकरी कुटुंबाची पिळवणूक हा त्याचा विषय. ते त्या काळी रंगभूमीवर येऊ शकले नाही. लिखित संहिता आणि सामाजिक आशय या निकषांवर पाहिले तर ही नाटके भावे यांच्या आख्यानांपेक्षा वेगळ्या आणि महत्त्वाच्या वाटेवरची आहेत.

मग भावे यांचे श्रेय नेमके कोणते? तंजावरची नाटके महाराष्ट्रापासून दूर राहिली. त्यांतून येथे परंपरा निर्माण झाली नाही. फुले यांच्या नाटकाला रंगमंच मिळाला नाही. भावे यांच्या नाटकात वैचारिक नवता नव्हती; राजाच्या अभिरुचीला आणि श्रद्धाळू प्रेक्षकाला रुचेल तेवढेच त्यात होते. परंतु त्यांनी प्रेक्षक तयार केला, नट तयार केले आणि नाटकावर जगता येते हे दाखवून दिले. ज्यांनी पुढे वेगळे विचार मांडले, त्यांनाही याच प्रेक्षकाकडे आणि याच मंडळ्यांकडे यावे लागले. म्हणून आद्य नाटककार या पदवीपेक्षा मराठी रंगभूमी-व्यवसायाचे आद्य प्रवर्तक हे वर्णन त्यांना अधिक नेमके लागू पडते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – २
रिकाम्या जागा भरा.
१. ग्रँट रोडवरील नाट्यगृह ______ साली उभे राहिले.
२. 'थोरले माधवराव पेशवे' हे नाटक ______ यांनी लिहिले.
३. 'नाट्यकवितासंग्रह' ______ साली प्रसिद्ध झाला.

४.२.८ हंगामाची परंपरा : सांगली ते झाडीपट्टी

महाराष्ट्राच्या बऱ्याच भागांत आज नाटकाचा ऋतू उरलेला नाही. शहरातील नाट्यगृहात बारा महिने शनिवार-रविवारी प्रयोग होतात. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीत मात्र नाटक अजून पीकपाण्याशी बांधलेले आहे. घनदाट झाडीमुळे या प्रदेशाला झाडीपट्टी हे नाव पडले. धान हे येथील मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास धान घरात येऊ लागते, गावोगाव मंडई भरते आणि पाहुणेरावळे जमतात. त्या रात्री नाटक हवेच, असा रिवाज आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत हा हंगाम चालतो.

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा म्हणजेच देसाईगंज हे या व्यवसायाचे केंद्र आहे. नाट्यमंडळांची कार्यालये तेथे थाटली जातात. गावातील आयोजक येऊन नाटक पसंत करतात, तारीख ठरवतात आणि विसार देतात. गावात मंडप पडतो, तिकिटे विकली जातात. रात्री उशिरा पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. गाणी आणि लावण्यांना जिवंत संगीताची साथ असते. दंडार आणि खडी गंमत या स्थानिक लोककलांचा वारसा या नाटकांच्या अंगात मुरलेला आहे.

झाडीपट्टी रंगभूमी ही भावे यांच्या मंडळीची थेट शाखा आहे, असे म्हणण्याचे कारण नाही. तिची मुळे स्थानिक दंडारीत आहेत आणि तिचे आजचे विषय कौटुंबिक व सामाजिक आहेत. तरीही दोहोंच्या चालण्याची रीत सारखी आहे. दोन्हींचा प्रेक्षक सुगीच्या पैशावर तिकीट काढतो. दोन्हींत नटाला काही महिन्यांत वर्षाची बेगमी करावी लागते. दोन्हींत संगीत, विनोद आणि भव्य प्रसंग यांची सांगड लागते, कारण रात्रभर बसलेला प्रेक्षक केवळ विचाराने धरून ठेवता येत नाही. नागर समीक्षकांनी भावे यांच्या नाटकाला 'अललडुर्र' म्हणून हिणवले. झाडीपट्टीच्या नाटकालाही भडकपणाचा आरोप ऐकावा लागतो. अशा आरोपांत काही तथ्य असू शकते. परंतु त्याआधी विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारला पाहिजे. अनुदानाशिवाय, केवळ प्रेक्षकाच्या बळावर उभे राहणाऱ्या नाटकाला कोणत्या गोष्टी कराव्याच लागतात? १८५१ साली सांगली सोडताना भावे यांच्यापुढे हाच प्रश्न होता. आज वडशाला कार्यालय उघडणाऱ्या प्रत्येक मंडळापुढेही तो आहे. एका हंगामात अवकाळी पाऊस आला, धान बुडाले किंवा रोगाची साथ आली तर गावाबरोबर नटाचेही वर्ष बुडते.

४.३ सारांश

विष्णुदास भावे यांनी चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांच्या प्रेरणेने १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' सादर केले. यक्षगान, कीर्तन, दशावतार आणि संस्कृत नाटक यांतील घटक एकत्र करून त्यांनी सूत्रधारप्रधान, पद्याधिष्ठित आणि उत्स्फूर्त संवादांचे नाटक घडवले. १८५१ मध्ये राजाश्रय सुटल्यावर त्यांनी मंडळी घेऊन फिरती सुरू केली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. त्यातून मराठी रंगभूमी हा लोकाश्रयावर चालणारा, ऋतूंशी जुळवून घेणारा व्यवसाय बनला. १८६२ च्या सुमारास त्यांनी निवृत्ती घेतली आणि १८८५ मध्ये आपली आख्याने छापली. त्यांचे श्रेय नाट्यलेखनातील नवतेपेक्षा प्रेक्षक आणि व्यवसाय उभारण्यात अधिक आहे. प्रेक्षकावर आणि सुगीवर चालणाऱ्या अशा हंगामाचे जिवंत रूप आज झाडीपट्टीत पाहावयास मिळते.

४.४ शब्दार्थ

आख्यान – पौराणिक कथेवर रचलेली पद्यमय रचना
पूर्वरंग – मुख्य कथेपूर्वीचा मंगलाचरण व स्तुतीचा भाग
सोंग – पात्राचा वेष घेऊन केलेला प्रवेश
राजाश्रय – राजाने दिलेला आर्थिक व सामाजिक आधार
लोकाश्रय – सामान्य प्रेक्षकांच्या पाठबळावर मिळणारा आधार
विसार – व्यवहार पक्का करण्यासाठी आगाऊ दिलेली रक्कम
मंडई – दिवाळीनंतर पूर्व विदर्भात भरणारी गावजत्रा

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न – १ : (१) उत्तर कानडातील मंडळींचे, यक्षगान परंपरेतील भागवत खेळ झाले. (२) ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात. (३) कवीने रचलेली पदे.
प्रश्न – २ : (१) १८४६ (२) विनायक जनार्दन कीर्तने (३) १८८५

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. भावेप्रणीत नाटकाची वैशिष्ट्ये सोदाहरण स्पष्ट करा.
२. राजाश्रय सुटल्यामुळे भावे यांच्या नाटकात व जीवनात कोणते बदल झाले, ते लिहा.
३. भावे यांना मराठी रंगभूमीचे जनक म्हणणे कितपत योग्य आहे? तंजावरची नाटके आणि 'तृतीय रत्न' यांच्या संदर्भात चर्चा करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावात किंवा जवळच्या मंडईत होणाऱ्या एका नाटकाला उपस्थित राहा. भद्रावती, वरोरा परिसरातील विद्यार्थ्यांनी त्यासाठी सिंदेवाही किंवा नागभीड भागातील गाव निवडावे. नाटकाची वेळ, तिकिटाचे दर, संगीताची साथ, स्त्री-पुरुष पात्रे आणि प्रेक्षकांचा प्रतिसाद यांची नोंद करा. एखाद्या कलावंताशी बोलून, हंगाम संपल्यावर तो उरलेले महिने कोणते काम करतो, ते विचारा. त्याची अनुमती असल्याशिवाय नाव लिहू नका. या नोंदींच्या आधारे भावे यांच्या काळातील नटाचे वर्ष आणि आजच्या झाडीपट्टीतील नटाचे वर्ष यांची तुलना करणारा दोन पानांचा अहवाल तयार करून अभ्यासकेंद्रावरील संमंत्रकांना दाखवा.